खैरात, मदत आणि हक्क

मराठीत काही शब्द इतके मुरले आहेत की ते कुठून आले हे कुणी विचारत नाही. 'आफत' हा त्यातलाच. 'खैरात', 'मदत' आणि 'हक्क' हेही तसेच. हे चारही शब्द मूळ अरबीतले. फारसीच्या वाटेने ते आपल्याकडे आले आणि इथलेच झाले. आज वरोऱ्याच्या आठवडी बाजारात, तहसील कचेरीत किंवा वावराच्या धुऱ्यावर कुणीही ते सहज बोलून जातो.

कवितेच्या नादामुळे शब्द हातात घेऊन चाचपून बघायची सवय मला लागली आहे. 'खैरात' या शब्दाचा मूळ अर्थ भला आहे. खैर म्हणजे चांगुलपणा, आणि खैरात म्हणजे चांगुलपणाची कामे. पण आपण 'खैरात वाटली' म्हणतो तेव्हा त्यात थोडा हेटाळणीचा सूर असतो. देणारा उंचावर आणि घेणारा खाली, हे चित्र त्या शब्दाला चिकटले आहे. 'मदत' म्हटले की दोन माणसे जवळपास एका पातळीवर येतात. ओझे उचलताना दुसऱ्या बाजूने कुणी हात लावावा, तसे. आणि 'हक्क' म्हटले की घेणाऱ्याची मान सरळ होते.

आज मला बोलायचे आहे ते पूर, भूकंप, दुष्काळ अशा आफतींनंतर होणाऱ्या समाजकार्याबद्दल. हे काम या तीन शब्दांपैकी कोणत्या शब्दापाशी थांबते, हा माझा प्रश्न आहे.

पहिल्या आठ दिवसांचे चित्र आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. नदी फुगते, गाव वेढले जाते, बोटी येतात. शाळेत, समाजमंदिरात, विहारात, मशिदीच्या आवारात माणसांची सोय होते. शहरातून खिचडीची पातेली निघतात. तरुण मुले रात्रभर धावतात. हे सगळे खरे असते आणि फार मोलाचे असते. त्या रात्री घासभर अन्न देणाऱ्याच्या मनात काय होते, याचा हिशेब कुणी मांडू नये. भूक हिशेब बघत नाही.

प्रश्न सुरू होतो पाणी ओसरल्यावर. तेव्हा गावात एक टेम्पो येतो आणि जुन्या कपड्यांचे गाठोडे रिकामे करून जातो. त्यात शहरातले झिरझिरीत कपडे असतात, एका पायातला जोडा असतो. त्याच वेळी गावाला हवे असते ते वेगळेच. चूल पेटवायला कोरडे सरपण हवे असते. गढूळ विहिरीचा उपसा करायला पंप आणि नंतर टाकायला ब्लीचिंग पावडर हवी असते. ढोरांना कुटार हवे असते, कारण घरातले कुटार आणि तणस भिजून कुजलेले असते. पोरांच्या वह्या-पुस्तकांचा लगदा झालेला असतो. रेशनकार्ड, सातबारा, बँकेचे पासबुक चिखलात गेलेले असते आणि ते पुन्हा मिळवायला कचेरीत खेटे घालणारे कुणीतरी सोबतीला हवे असते. बायकांना आडोसा हवा असतो. ही यादी काही गुप्त नाही. गावातल्या कुठल्याही बाईला विचारले तर ती दोन मिनिटांत सांगेल. पण विचारावे लागते. खैरात आणि मदत यांतला पहिला फरक हा विचारण्याचा आहे.

या विचारण्याच्या गोष्टीचा एक धागा थेट आपल्या वरोऱ्यापर्यंत येतो. तो सुरू होतो मात्र फार दूर.

१५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. मुंगेर, मुजफ्फरपूर, दरभंगा हे भाग उद्ध्वस्त झाले. बिहार आणि नेपाळ मिळून दहा हजारांहून अधिक माणसे गेली. शेतांतून वाळू वर आली आणि सुपीक जमिनी झाकल्या गेल्या. राजेंद्रप्रसादांच्या पुढाकाराने मदत समिती उभी राहिली. देशभरातून पैसा आला, त्याचा हिशेब ठेवायला जे. सी. कुमारप्पा गेले. त्याच वेळी एक मोठा वादही झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे, असे गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथ ठाकुरांना ते पटले नाही. निसर्गाच्या घटनेला पाप-पुण्याशी जोडणे चुकीचे आहे, असे त्यांनी जाहीरपणे कळवले आणि गांधीजींनी तो आक्षेप आपल्या 'हरिजन' साप्ताहिकात छापला. दोघांच्याही मोठेपणाला हे शोभणारेच होते.

बिहारच्या मदतीसाठी स्वित्झर्लंडहून एक माणूस आला. पिएर सेरेसोल हे त्यांचे नाव. शिक्षणाने इंजिनीअर, वृत्तीने शांततावादी. पहिले महायुद्ध संपल्यावर, १९२० मध्ये, फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त गावात त्यांनी वेगवेगळ्या देशांतले तरुण नेले आणि घरे बांधायला घेतली. त्यांत जर्मन तरुणही होते, म्हणजे काल-परवाचे शत्रू. या कामातून 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही स्वयंसेवकांची चळवळ उभी राहिली. बिहारमध्ये सेरेसोल आणि त्यांचे सोबती गावकऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून, पुराच्या भीतीपासून दूर उंच जमिनीवर नवी घरे बांधत होते. पैसे पाठवून ते मोकळे होऊ शकले असते. ते कुदळ घेऊन आले.

आता वरोऱ्याकडे येऊ. १९५१ मध्ये बाबा आमटे, साधनाताई आणि त्यांची दोन लहान मुले वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी माळावर राहायला आली. सोबत सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये, ही त्या वेळची शिदोरी आपल्या भागात अजूनही सांगितली जाते. जूनमध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाची सुरुवात झाली. विनोबा तेव्हा नुकतेच तेलंगणातून, भूदानाची पहिली जमीन मिळवून परतत होते. 'दान' या शब्दाचाही अर्थ त्यांनी बदलून घेतला होता. दान म्हणजे आपल्याकडचे उरलेले देणे, असे ते मानत नसत. वाटा सारखा करणे, असा अर्थ ते लावत.

कुष्ठरोग ही भूकंपासारखी एका रात्रीत येणारी आफत नाही. पण माणसाचे तिने काय होते ते बघा. घर जाते, गाव जाते, नाते जाते, काम जाते. वर लोक म्हणतात, मागच्या जन्मीचे पाप. बिहारच्या भूकंपात जो प्रश्न उठला, तोच इथेही होता. आफत आली की आपण कारण शोधू लागतो आणि कारण शोधता शोधता दोष शोधतो. तो दोष बहुधा ज्याच्यावर आफत आली त्याच्याच पदरात टाकला जातो.

आनंदवनाने यावर व्याख्याने दिली नाहीत. त्यांनी विहिरी खोदल्या. बोटे झडलेल्या हातांनी दगड फोडले, जमीन कसली, भाजीपाला काढला. सुरुवातीला गावातले लोक तिथले दूध आणि भाजी घ्यायला तयार नव्हते, ही गोष्ट जुनी माणसे सांगतात. मग १९५० च्या दशकात सर्व्हिस सिव्हिलचे स्वयंसेवक वरोऱ्याला आले. देशोदेशींचे तरुण-तरुणी. त्यांनी रुग्णांबरोबर राहून, त्यांच्यासोबत जेवून दवाखान्याच्या इमारतीच्या भिंती उभ्या केल्या. हे गोरे लोक इथे काय करतात हे बघायला गावकरी येऊ लागले आणि बघता बघता भीती विरली. बिहारच्या ढिगाऱ्यापासून निघालेला धागा असा आपल्या गावाला येऊन मिळाला.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. १९६४ मध्ये आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू झाले. ज्या लोकांना गावाने बाहेर काढले होते, त्यांच्या श्रमांतून गावातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या मुलांसाठी महाविद्यालय उभे राहिले. माझ्यासारखे अनेक जण तिथूनच बी.ए. झाले. वर्गात बसताना हे आमच्या ध्यानातही नसे. कोण कुणाला देतो, याचा काटा तिथे पार उलटा फिरला होता. दान माणसाला दुबळे करते आणि काम त्याला उभे करते, हे बाबांचे सांगणे होते. त्याचा अर्थ मला त्या इमारतींकडे बघून कळतो. आफतग्रस्त माणूस कायम घेणाराच राहील, असे गृहीत धरून केलेले काम अर्धेच राहते.

कुणी म्हणेल, बाबा आमटे एखादेच असतात, आनंदवन एखादेच असते. सगळीकडे कुठून आणणार? हा आक्षेप रास्त आहे. म्हणून आता मी एका सरकारी कामाबद्दल बोलतो.

१९७२ चा दुष्काळ साठीच्या पुढच्या श्रोत्यांना आठवत असेल. पाणी नाही, पीक नाही, गावेच्या गावे रिकामी. त्या वेळी सरकारने नुसते धान्य वाटले असते तर लोक जगले असते, पण तो प्रकार खैरातीत जमा झाला असता. महाराष्ट्राने काम काढले. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे या दुष्काळी कामांवर होती. सुकडी खाऊन लोकांनी दिवस काढले. हाल कमी नव्हते. मजुरी तुटपुंजी होती, उशिरा मिळत होती, कामावर लेकरे आजारी पडत होती. तरीही माणूस संध्याकाळी आपल्या कष्टाचे घेऊन घरी जात होता.

या सगळ्यामागे वि. स. पागे यांचा विचार होता. विधान परिषदेचे सभापती असलेल्या या गृहस्थांनी १९६५ मध्येच सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला असा प्रयोग करून पाहिला होता. दुष्काळ संपल्यावर योजना गुंडाळून ठेवता आली असती. तसे झाले नाही. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हा कायद्याने दिलेला हक्क झाला. पुढे २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव समोर होता. एका आफतीतून एक हक्क जन्माला आला. आपल्या राज्याच्या इतिहासातली ही अभिमानाची गोष्ट आपण फार कमी वेळा आठवतो.

आपल्या वर्धा नदीने मात्र एक फार काळी पहाट दाखवली आहे. ३० जुलै १९९१. नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडमध्ये पुराचे पाणी शिरले आणि २०४ माणसे गेली. नंतर मोवाड नव्या जागी वसवले गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले. लोक थकून गाढ झोपलेले. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीच्या माळवदाचा भार. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे त्या भिंतींखाली गेली.

किल्लारीसाठी जगभरातून मदत आली. बावन्न गावे नव्या जागी पूर्णपणे नव्याने वसवली गेली. घरे भूकंपाला टिकतील अशी झाली, हे श्रेय द्यायलाच हवे. पण अनेक ठिकाणी आराखडे शहरी पद्धतीचे होते. रुंद सरळ रस्ते, एकमेकांपासून दूर रांगेत उभी घरे. जुन्या गावात गल्ली होती, ओटा होता, शेजारणीची हाक होती. ढोरे कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, वावर किती लांब पडेल, हे प्रश्न घर बांधणाऱ्यांना उशिरा सुचले. घर मिळाले, पण गाव जमायला वर्षे लागली.

त्याच भागात दुसरी एक गोष्ट घडली. जी गावे पूर्ण पडली नव्हती, तिथे जुन्या घरांची दुरुस्ती आणि मजबुती करायची होती. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने त्यासाठी गावोगावच्या महिलांना पुढे आणले. शेकडो गावांत 'संवाद सहायक' नेमल्या गेल्या. या बायका सरकारी माहिती घरोघर पोचवत, हप्ता कधी मिळणार ते सांगत, गिलावा कसा हवा, कोपरे कसे बांधून घ्यायचे, हे शिकून इतरांना शिकवत. इंजिनीअरला प्रश्न विचारत. कालपर्यंत ज्यांच्या नावापुढे 'भूकंपग्रस्त' एवढाच शिक्का होता, त्या बांधकामावर नजर ठेवू लागल्या. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या अशा बायका गुजरातेत गेल्या. त्यांच्याकडे द्यायला पैसा नव्हता. पण मलब्यावर बसलेल्या बाईला काय विचारायचे, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

किल्लारीचीच आणखी एक आठवण. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. एका मुलाला आठवडाभर बिस्किटे देणे सोपे आहे. त्याला शिकवून उभे करायचे तर पुढची कित्येक वर्षे बांधून घ्यावी लागतात. आफतीनंतरच्या कामाचा खरा कस असा तिसऱ्या, पाचव्या, दहाव्या वर्षी लागतो. तेव्हा छायाचित्र काढणारे कुणी नसते.

आता आपल्या दारातल्या नद्यांबद्दल. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. वर मध्य प्रदेशात मोठा पाऊस झाला, तिकडच्या धरणाचे पाणी आले आणि गोसीखुर्दचे सगळे, म्हणजे ३३, दरवाजे उघडावे लागले. ब्रह्मपुरी तालुक्यातले लाडज हे गाव तर नदीच्या वेढ्यातच वसलेले. तिथून माणसे बोटीने काढावी लागली. काळ करोनाचा. माणसाने माणसाजवळ जाऊ नये असा नियम, आणि बोटीत बसायचे तर खेटून बसण्यावाचून गत्यंतर नाही. पुढे जुलै २०२२ मध्ये वर्धा नदीची पाळी आली. वणीकडे जाणारा पाटाळ्याचा पूल पाण्याखाली गेला. वरोरा, भद्रावती भागातली नदीकाठची गावे वेढली गेली. उगवून आलेली पऱ्हाटी आणि सोयाबीन गेले. काही वावरांतली तर मातीच खरडून गेली.

पाणी ओसरल्यावर पंचनामे होतात. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक शिवारात फिरतात. त्यांच्यावरही कामाचा डोंगर असतो. पण पंचनाम्याची नजर कागदावर असते, आणि कागदावर सातबारा ज्याच्या नावाचा तोच शेतकरी. आपल्या भागात किती वावरे मक्त्याने किंवा बटईने केली जातात, हे आपल्याला माहीत आहे. बियाणे, खत, मजुरी मक्तेदाराची. बुडाले ते त्याचे. भरपाई मात्र मालकाच्या खात्यात. पिकाचे नुकसान ३३ टक्क्यांच्या पुढे गेले तर मदत, हा निकष. पण रोजंदारीवर निंदायला जाणाऱ्या बाईचा हंगामच वाहून गेला, तर तिचे किती टक्के गेले? तिच्यासाठी पंचनाम्यात रकानाच नाही. जंगलपट्टीत वर्षानुवर्षे जमीन कसणारा, पण वनहक्काचा पट्टा हाती न आलेला माणूस, त्याचेही तेच. नदी सातबारा वाचून आत शिरत नाही.

इथे 'हक्क' या शब्दाशी मी परत येतो. २००५ मध्ये देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याने निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, आरोग्य आणि स्वच्छता यांचे किमान मापदंड ठरवायला सांगितले. विधवा आणि अनाथांसाठी खास तरतूद करायला सांगितली. आणि त्याच्या ६१ व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव होणार नाही. हे कलम लिहावे लागले, यातच आपल्या समाजाची ओळख आहे. छावणीत कोण कुणाच्या शेजारी बसणार, पाण्याच्या टँकरवर पहिला हंडा कुणाचा, आपल्या वस्तीचे आधी की त्यांच्या वस्तीचे, हे प्रश्न चिखलातही जिवंत राहतात. मदत घेऊन जाणारा आपली जात-जमात घरी ठेवून गेला, तरच हे कलम कागदावरून खाली उतरेल.

आमच्या घरात रमजानमध्ये जकातीचा हिशेब होतो. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा काढायचा. लहानपणापासून आम्हाला एक शिकवले गेले. हा हिस्सा तुझा नव्हताच, गरजवंताचा तुझ्याकडे ठेवलेला होता. म्हणून देताना आवाज चढवायचा नाही आणि घेणाऱ्याने आभार मानावेत अशी वाटही बघायची नाही. प्रत्येक धर्मात, प्रत्येक घरात अशी काही ना काही शिकवण असते. विनोबांचा सारखा वाटा आणि ही जकात, दोन्ही मला एकाच विहिरीचे पाणी वाटते. मदत देणाऱ्याने आपले नाव छापलेल्या पिशव्या गावात आणायच्या की नाहीत, याचे उत्तर त्या विहिरीत आहे.

एक शेवटचे उदाहरण भामरागडचे. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावरचे हे गाव. २०१९ च्या पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुरामुळे ते वारंवार जगापासून तुटले. नदीच्या अलीकडे काही किलोमीटरवर हेमलकसा. तिथे १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी तिथे दवाखाना थाटला तेव्हा वीज नव्हती, पक्का रस्ता नव्हता. पुढे शाळा निघाली. त्या शाळेतली माडिया मुले डॉक्टर झाली, वकील झाली. पूर आला की तिथले लोक बाहेरून कोण येतो याची वाट बघत बसत नाहीत. दवाखाना आधीपासून तिथे असतो, आणि माणसे एकमेकांना नावाने ओळखतात. पूर येण्याच्या चाळीस वर्षे आधी जो तिथे जाऊन राहिला, त्याची मदत पुराच्या दिवशी सर्वांत लवकर पोचते.

आपण सगळे हेमलकशाला जाऊन राहू शकत नाही. पण काही गोष्टी आपल्या आवाक्यातल्या आहेत. पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यात, नदीकाठच्या प्रत्येक गावाने एक यादी करावी. एकटे राहणारे म्हातारे कोण, चालता न येणारे कोण, कोणत्या घरी बाळंतपण आहे, मक्त्याने वावर कुणी केले आहे, रोजंदारीवर कुणाचे घर चालते. ही यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी, म्हणजे पुढे पंचनाम्याच्या वेळी कुणाचे नाव गळले तर बोलायला आधार राहील. कागदपत्रांच्या नकला प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंच जागी ठेवाव्यात. शाळेच्या मुलांनीसुद्धा हे काम करावे. सोमनाथला १९६७ पासून बाबांच्या श्रमसंस्कार छावणीत तरुण मे महिन्याच्या उन्हात कुदळ चालवायला शिकत आले. आफतीच्या आधीची तयारी अशीच होते, हाताला घट्टे पडून.

आणि आपण शहरातली माणसे, आपण काय करावे? मदत जमवताना दोन वाटे करावेत. एक वाटा पहिल्या आठवड्याचा. दुसरा राखून ठेवावा, सहा महिन्यांनंतरचा. तेव्हा गावात परत जावे. बियाण्याचे कर्ज कुणाच्या डोक्यावर आहे, कोणाची पोरगी शाळा सोडून बसली आहे, कोणाच्या भरपाईचा अर्ज कचेरीत अडकला आहे, हे विचारावे. ज्यांनी पूर सोसला त्यांच्यातल्याच दोघा-चौघांना पुढच्या पूरग्रस्त गावात सोबत न्यावे. काय विचारायचे ते त्यांना आपल्यापेक्षा चांगले माहीत असते.

पंचनाम्यात अजून मक्तेदाराचा रकाना नाही आणि निंदणाऱ्या बाईचाही नाही. तो येईपर्यंत प्रत्येक ग्रामसभेने आपल्या ठरावाला त्यांच्या नावांची यादी जोडावी आणि ती तहसीलदारांकडे पोचती करून पोच घ्यावी. एवढे काम पहिला पाऊस पडण्याआधी होण्यासारखे आहे.